इंटरकाकांची धास्ती

वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्या काळजीचा ठेका आमच्या इंटरकाकांनी एकट्याने घेतला होता, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती असेलच, पण फार नसेल. कापसाचे व्यापारी भावाची काळजी करत, स्टेशनमास्तर गाडीची करत, प्रोफेसर लोक बदलीची करत. पण ती आपापल्या वेळेला. वेळ टळली की ही माणसं पान खाऊन हसायला मोकळी. इंटरकाकांच्या काळजीला हंगाम नव्हता आणि सुट्टीही नव्हती. शिवाय ती एकाच गोष्टीची होती: वसतिगृहातला एखादा पोरगा कॉलेज सोडून घरी निघून जाणार. कोणता पोरगा? कोणताही. कधी? बहुतेक आत्ताच.

तुम्हाला वाटेल, हे आमचे रेक्टर असतील. छे! तेही आमच्यासारखे विद्यार्थीच होते. तिशी ओलांडलेली, टाळूवर केस विरळ, मिशी मात्र दाट, आणि इंटर आर्ट्सच्या, म्हणजे बी.ए.च्या अलीकडच्या, परीक्षेला चार वेळा बसून चारही वेळा इंग्रजीत आडवे झालेले. म्हणून ते इंटरकाका. रेल्वेफाटकाच्या पलीकडे, सिंदी मेघेच्या वाटेवर एका कौलारू घरात आमच्या समाजाच्या पोरांचं वसतिगृह होतं. समाज कोणता ते सरळ लिहितो, आडून लिहायची मला सवय नाही. कालपरवापर्यंत गावाच्या कडेला राहणारे आणि नागपूरला दीक्षा झाल्यापासून बौद्ध, ते आम्ही. तेवीस पोरं होतो. प्रत्येक जण आपल्या घरातला पहिला मॅट्रिक, आणि बरेचसे आपल्या गावातलेही. मी नाचणगावकडचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केलेली नव्हती. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, ऐट वाटते.

काकांची काळजी सकाळी दातवणापासून सुरू व्हायची. ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड न्याहाळत. कुठल्या लक्षणावरून पोरगा जाणार हे ओळखायचं, याचं त्यांचं एक स्वतंत्र शास्त्र होतं. पोरगा रडतो आहे, काही हरकत नाही, रडणारा टिकतो. पोरगा भांडतो आहे, उत्तम. भांडणारा तर पक्का. पण पोरगा अंथरुणाची नीट घडी करू लागला की संपलं. ‘सतरंजीची घडी पाह्यली का बे त्याची? चारी कोपरे बरोबर! तो चालला,’ असं ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजत. हिंगणघाटकडचा एक पोरगा जन्मतःच टापटिपीचा होता. रोज घडी, रोज केसांना तेल. काकांनी त्याच्यावर तीन दिवस पाळत ठेवली. तो विहिरीवर निघाला की हे मागे, परसाकडे निघाला की हे बांधावर उभे. चौथ्या दिवशी तो वैतागून ओरडला, ‘काका, आता मले खरंच घरी जावंसं वाटून राह्यलं, तुमच्या पायी!’ काका विजयी चेहऱ्याने आमच्याकडे वळले. ‘पाहा! मी काय म्हनत होतो?’

पोरं का जातात, याची कारणं ते बोटांवर मोजून सांगत. मायची याद, कापसाची वेचणी, घरातलं लग्न, इंग्रजी आणि चुप्पी. पाचव्या बोटावर आले की आवाज उतरायचा. ‘चुप्पीनं जास्त पोट्टे गेले बापा. भुकेनं येक गेला असंन, चुप्पीनं धा.’ चुप्पी म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. साठ जणांच्या वर्गात तुम्ही शेवटच्या बाकावर बसता. पुढचा मागे वळत नाही, बाजूचा सरकून बसतो, पाण्याच्या माठाजवळ गेलात की बोलणी थांबतात. कोणी शिवी देत नाही. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. नुसतं कुणी बोलत नाही. पहिला महिना असा काढला की दुसऱ्या महिन्यात पोरगा आपला आवाजच विसरतो, आणि मग एक दिवस अंथरुणाची नीट घडी करतो.

चुप्पीवर काकांचा इलाज जगावेगळा होता. स्वतःचा तास बुडवून ते पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसत आणि मुद्दाम बावळट प्रश्न विचारत. एकदा इंग्रजीचे प्रोफेसर एका कवितेतल्या समुद्राबद्दल भरभरून बोलत होते. काका उठले. ‘सर, त्या समुद्रात मासोळ्या कोणत्या भेटतात?’ सगळा वर्ग खदखदून हसला. प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. पुढच्या बाकावरचा एक जण हसता हसता मागे वळला आणि माझ्या शेजारच्या पोराला म्हणाला, ‘कोण रे हा नमुना?’ तेवढं पुरलं. त्या पोराशी वर्गात कुणीतरी बोललं होतं. बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, ‘काका, लोक हसतात तुमच्यावर.’ ते म्हणाले, ‘हसू दे ना. हसणं माह्या वाट्याचं, बोलणं त्याच्या वाट्याचं. मी चार साल जुना हाव, मले काही होत नाई.’

स्वतःच्या परीक्षेच्या दिवशी तर त्यांची दैना पाहवत नसे. सकाळपासून आमच्या दौती भर, टाक पुस, कुणाचं पोट बिघडलं त्याला ओवा दे, कुणाचा नंबर हरवला तो शोध. सगळ्यांना मांडवात ढकलून आपल्या जागेवर पोचेपर्यंत अर्धा तास गेलेला, आणि खिशात टाक नाही. तो आमच्यापैकीच कुणाकडे तरी असायचा. तर्कशास्त्र त्यांना मुखपाठ होतं. इंग्रजीचा पेपर मात्र ते शेवटच्या पाच मिनिटांत लिहीत, कारण आधीचा सगळा वेळ वळून वळून आम्ही लिहितो आहोत की नाही हे बघण्यात जाई. एका सुपरवायझरने त्यांना कॉपीबहाद्दर ठरवून पहिल्या बाकावर बसवलं. तिथून त्यांना आमच्यातलं कुणीच दिसेना. त्या दिवशी त्यांनी पेपर कोराच दिला म्हणतात.

दीक्षेनंतरचं वर्ष फार धास्तीचं गेलं. त्याच सुमाराला आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. जिल्हा पोचला, आमचे कागद कुठे पोचले ते कुणाला सांगता येईना. फीच्या सवलतीच्या फॉर्मात जातीचा रकाना होता. जुनी जात लिहावी तर दीक्षा खोटी पडते, आणि बौद्ध लिहावं तर सवलत जाते, अशी वदंता. तेवीस पोरं कोरे फॉर्म मांडीवर घेऊन बसलो. काकांनी पहिला टाक उचलला आणि ‘बौद्ध’ हे दोन अक्षरांचं नाव एवढ्या मोठ्या हाताने लिहिलं, की ते शेजारच्या ‘पालकाचा धंदा’ या रकान्यात जाऊन बसलं. मग आम्हीही लिहिलं. त्यानंतर काकांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. ‘लिवलं ते बरोबरच लिवलं,’ ते भिंतीशी बोलत. ‘पण आता पोट्टे जातीन.’ दोघे गेलेच. एक समुद्रपूरकडचा, गणितात हुशार. त्याची रिकामी जागा काकांनी कितीतरी दिवस कुणाला घेऊ दिली नाही.

आणि या सगळ्यापेक्षा काकांचा मोठा वैरी म्हणजे पोस्टकार्ड. त्यांच्या मते देशातली सगळी पोस्टकार्डं एकाच कामासाठी छापली जात: पोराला घरी बोलावणं. म्हणून पोस्टमन फाटकाशी दिसला की हे धावत जाऊन टपाल घेत, वाटेतच वाचून काढत, आणि मग ज्याचं त्याला स्वतः वाचून दाखवत. त्यांच्या वाचनात सगळीकडे आनंदीआनंद असे. बकरी मेली, भिंत पडली, आत्याशी भांडण झालं, हे सगळं गाळून ते ‘इकडील सर्व ठीक, तू अभ्यास करजो’ इथे येऊन थांबत. नंतर कार्ड हातात पडलं की खरं काय ते कळायचंच, पण तोवर निदान जेवण झालेलं असायचं.

माझ्या इंटरच्या परीक्षेला अठरा दिवस उरले होते, तेव्हापासून काका माझ्याशी विचित्र वागू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझा सदरा धुतला. दुसऱ्या दिवशी आपल्या ताटातली भाकर माझ्या ताटात सरकवली. तिसऱ्या दिवशी मला ‘बाबू’ म्हणाले. काका सगळ्यांना ‘अबे’ म्हणत. ‘बाबू’ त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मी खोलीत शिरलो की दोन-तीन पोरं बोलायची थांबत आणि पुस्तकात डोकं घालत. माझं नाव कॉलेजातून काढलं आहे, अशी माझी खात्री झाली. ऑफिसात जाऊन कारकुनाला विचारलं. त्याने वही चाळून सांगितलं, ‘हजेरी पूर्ण आहे तुझी. चांगलं चाललंय की.’ मग मला वाटलं, मला काही रोग झाला असावा आणि डॉक्टरने काकांना सांगितलं असावं. आरशात जीभ काढून पाहिली. रात्री नीट झोप येईना, दिवसा तर्कशास्त्र डोक्यात शिरेना. काकांना विचारलं तर ते म्हणत, ‘काही नाई रे बाबू, तू वाच,’ आणि डोळे पुसत बाहेर जात.

आठवड्याने, एका रविवारी दुपारी, काका ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. मी आत वाचत होतो. बाहेरून माझ्या बापाचा आवाज आला. माझा बाप पुलगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गासड्या उचलायचा. त्या ओझ्याने त्याचा उजवा खांदा गेला होता, पण आवाज खणखणीत होता. माझं नाव घेऊन तो विचारत होता, ‘हा पोट्टा इथंच राह्यते का? मी त्याचा बाप.’

मी धावत बाहेर आलो तर काका उभे होते, सूप उलटं झालेलं, तांदूळ सगळ्या ओट्यावर. ते बापाच्या तोंडाकडे पाहत होते.

‘तुमी... जित्ते हा?’

बापाने स्वतःकडे खालून वर एकदा पाहिलं. ‘दिसून तं राह्यलो. मेलो असतो तं मोटारीचं तिकीट काढून कायले आलो असतो बुवा?’

काकांनी पुढे होऊन त्याच्या दंडाला हात लावला, चाचपून पाहिलं, आणि मटकन तांदळावरच बसले. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. ते माझ्या नावाचं होतं. त्याचा एक कोपरा फाटलेला होता.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. घेणाऱ्याने हातात घेताच समजून घ्यायचं. एरवी जगाची पत्रं वाचणाऱ्या काकांनी हे एक कार्ड वाचलं नव्हतं. पत्त्याचं अक्षर आमची पत्रं लिहून देणाऱ्या गावच्या मास्तरांचं, म्हणजे लिहवणारी माय, आणि गेला असेल तर बापच, असा हिशेब करून त्यांनी ते उलटसुद्धा न करता खिशात ठेवलं. ‘वाचलं असतं तं सांगावं लागलं असतं,’ ते म्हणाले. ‘नाई वाचलं, तं मले काही मालूम नाई. परीक्षा झाली का मंग वाचणार होतो.’

‘पण कोपरा कोणी फाडला?’ मी बापाला विचारलं.

‘बकरीनं खाल्ला,’ बाप शांतपणे म्हणाला. ‘तुही माय म्हनत होती, असं कार्ड धाडू नोका, पोट्टा भिईन. म्या म्हनलं, आता आपन दीक्षा घेतली. हे कोपऱ्याचं, शकुनाचं आपन मानत नाई. मजकूर तं शाबूत हाय, टाक पोस्टात.’ मग काकांकडे वळून, ‘तुमीबी दीक्षा घेतली ना?’

‘घेतली,’ काका खाली मान घालून म्हणाले.

मी हसणार होतो, पण तोवर कार्डावरचा मजकूर वाचला आणि हसू गेलं. आमच्या गावाजवळच्या शाळेत मास्तरची जागा निघाली होती. मॅट्रिक चालणार होता. सोमवारी दाखले घेऊन देवळीला साहेबासमोर उभं राहायचं होतं. उलट टपाली उत्तर मागितलं होतं. ते गेलं नाही, म्हणून बाप स्वतः आला होता. सोमवार म्हणजे उद्या.

‘चाल, सामान बांध,’ बाप म्हणाला. ‘चारची मोटार हाय.’

खरं सांगतो, मला राग आला नाही. बापाचा खांदा मला दिसत होता. घरी दोन लहान बहिणी होत्या. मास्तर म्हणजे गावात खुर्ची, महिन्याचा पगार, आणि कालपर्यंत ज्यांच्या दारात आम्ही उभे राहत होतो त्यांची पोरं आपल्यासमोर मांडी घालून बसणार. ही लहान गोष्ट नव्हती. आणि इंटर पास होईनच याची खात्री मला तरी कुठे होती? मी काकांकडे पाहिलं. एरवी पोरगा जायला निघाला की ते दारात आडवे होत, शिव्या देत, हातापाया पडत. त्या दिवशी दार मोकळं होतं. कार्ड त्यांनी दाबलं होतं. कोणत्या तोंडाने बोलतील? ते उठले, आत गेले, माझी वळकटी बांधून घेऊन आले आणि बापाच्या पायाशी ठेवली. इतकी वेडीवाकडी बांधलेली वळकटी मी पुन्हा पाहिली नाही.

बाप वळकटीकडे पाहत राहिला. मग त्याने काकांना विचारलं, ‘आठ दिवस तुमी माह्या मरणाचं कार्ड खिशात घेऊन फिरले?’

‘हो.’

‘याले सांगतलं नाई?’

‘नाई.’

‘काऊन?’

‘हा घरचा मोठा पोरगा. कळलं असतं तं गेला असता, अन् गेला असता तं परत आला नसता. धा दिवसांवर पेपर हाय.’

‘म्हंजे मी खरंच मेलो असतो, तरी तुमी याले पेपरले बसवलं असतं?’

‘बसवलं असतं,’ काका म्हणाले. ‘मंग तुमच्या दारात येऊन जोडे खाल्ले असते.’

बाप ओट्यावर टेकला. तांदळाचे चार दाणे उचलून सुपात टाकले, आणखी चार उचलले. बराच वेळ तेच चाललं. मोटारीची वेळ होत आली होती. काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मला आजही नेमकं सांगता यायचं नाही.

‘मी मेल्यावरबी जो पोट्टा पेपरातून उठला नसता,’ शेवटी बाप म्हणाला, ‘त्याले मी जित्ता असून काऊन उठवू?’

तो एकटाच चारच्या मोटारीने गेला. जाताना काकांना एवढंच म्हणाला, ‘पुढच्या खेपेले कार्ड वाचत जा बुवा.’ जागा दुसऱ्याला गेली. त्यानंतरची दोन वर्षं घरी फार ओढाताणीची गेली. बहिणींची शाळा सुटली, ती पुन्हा कधी लागली नाही. हे मी विसरलेलो नाही, आणि लिहिताना गाळणारही नाही.

मी तिसऱ्या वर्गात इंटर झालो. नागपूरहून येणारं वर्तमानपत्र आम्ही स्टेशनावरच उघडलं. माझा नंबर काकांनीच शोधला. त्यांचा नव्हता. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘माह्याकडं काऊन पाहून राह्यला बे? मी कुठं जाऊन राह्यलो? मी हावच इथं.’

आणि ते होतेच. मी बी.ए. होईपर्यंत ते होते. माझ्या मागून आलेल्यांच्या मागे ते तसेच धास्तावलेले, तसेच बावळट प्रश्न विचारत. मला मुंबईला सरकारी नोकरीचा हुकूम आला तेव्हा बापाने सगळ्या गावाला तो हुकूम दाखवला, उलटा धरून. काका मला पोचवायला वर्धा स्टेशनावर आले. आनंदाने येतील असं मला वाटलं होतं, पण ते गाडीच्या चाकांकडे बघत होते, कधी हलतात म्हणून.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काकांची भीती पहिल्यापासून खरीच होती. तेवीसच्या तेवीस पोरं एक ना एक दिवस निघून जाणारच होती. त्यांनी आयुष्यभर आम्हाला धरून ठेवलं ते एवढ्यासाठी, की जाताना आम्ही पास होऊन जावं.

गाडी हलली. मी खिडकीतून ओरडलो, ‘काका, दिवाळीले येतो!’

त्यांनी मान हलवली, हात वर केला. पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. आणि त्या दिवाळीला मी खरंच गेलो नाही.